आहेत तेवढे दोन खांदे

"आहेत तेवढे दोन खांदे, तेही घालवून बसा." धनुष्य घरी आणलं त्या दिवशी बायको म्हणाली. तिचं चूक नव्हतं. गच्चीवरची टाकी धुताना पडलो तेव्हा मी एकेचाळीसचा. डी-एटला, म्हणजे पाठीच्या आठव्या मणक्याला, मार बसला आणि खालचं अंग लुळं पडलं. तेव्हापासून पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून गाडीत, सगळं खांद्यांच्या जिवावर. आणि मी सत्तेचाळिसाव्या वर्षी खेळ निवडला तोही खांद्यांचाच.

बसून बाण मारायचा, त्यात काय, असं लोकांना वाटतं. पोटाचे स्नायू चालत नसले की ताठ बसणं हीच अर्धी कसरत. धनुष्य समोर धरलं की त्याच्या वजनाने मीच पुढे ओणवतो. म्हणून छातीला पट्टा. तो बोटभर सैल राहिला की बाण खाली गेलाच.

कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य घेतलं, कारण पूर्ण ओढल्यावर ती चाकं बराचसा भार पेलतात. माझ्या ३८ पाउंडांच्या ओढीतले जेमतेम दहा हातात उरतात. पण तिथवर ओढायचं तर असतंच, आणि तेही एका फेरीत ७२ वेळा. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं, म्हणजे चहाच्या बशीहून लहान. नियम ६० पाउंडांपर्यंत मुभा देतो, म्हणून माझ्या पहिल्या सरांनी महिन्याभरात ४५ वर नेलं. पुढचे तीन आठवडे खुर्ची ढकलता येईना, संडासला जायलाही बायकोचा हात. उशिरा सुरू करणाऱ्यांनो, पाउंड वाढवायची हौस पोरांना करू द्या.

हात नसताना पायाने बाण मारणाऱ्या शीतल देवीचं रील मला निदान चाळीस जणांनी पाठवलंय. थोर पोरगी, वादच नाही. पण मला जवळचा वाटतो तो तिचा खेळातला जोडीदार राकेश कुमार. अपघातात मणका गेलेला, जम्मूकडच्या कटऱ्यात २०१७ साली तिशी ओलांडल्यावर धनुष्य हातात घेतलं. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकला एकेरीचं कांस्य १४६-१४७ असं एका गुणाने हुकलं. मग मिश्र दुहेरीत दोघांनी १५६-१५५ ने कांस्य मिळवलं, तेही एकाच गुणाने.

मी साताऱ्यात पोरांच्या रांगेत बसतो. इथलीच अदिती स्वामी २०२३ मध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, त्यामुळे प्रत्येक पोरीला तेच व्हायचंय. माझे बाण काढून आणतात त्याच. "काका, सात गेलाय, आठ नाही," लाजलज्जा न ठेवता सांगतात. 'तुमची जिद्द बघून डोळ्यांत पाणी आलं' म्हणणाऱ्यांपेक्षा मला या पोरी बऱ्या. डोळ्यांत पाणी येणाऱ्यांनी मैदानावर खुर्ची आत जाईल असा एक संडास बांधायला लावला तर उपकार होतील. मागच्या स्पर्धेत दिवसभर पाणी न पिता खेळलो.

खांदा दुखतो, खोटं कशाला बोलू. पण वापरायचा कुठे हे ठरवणारा मी.

रविवारी रात्री बायको गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. "आज किती?"

"५८९."

"गेल्या रविवारी ५९४ होते ना?"