डेजा वू ‘किती वेळा’ आला, एवढ्याने अपस्मार ठरत नाही

मोबाइलवरून सध्या हातोहात फिरणाऱ्या एका मजकुराचा आशय असा आहे: महिन्यातून दोन-तीनदा ‘हे सगळे आधी घडून गेले आहे’ असे वाटत असेल, म्हणजेच ‘डेजा वू’ होत असेल, तर तो अपस्माराचा छुपा झटका होय, लगेच ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत्‌लहरींचा आलेख, काढावा आणि तो नॉर्मल आला तर निर्धास्त व्हावे, पुढच्या क्षणी काय होणार हेही कळत असेल, तर मेंदू भविष्य टिपत असतो, आणि घरातल्या मुलीला असे होत असेल, तर बाहेर वाच्यता न करता उपचार उरकावेत. या मजकुरात सत्याचा एक कण आहे आणि त्या कणामुळेच तो नुसता हसण्यावारी नेता येत नाही.

पहिले विधान संख्येचे आहे. ‘डेजा वू’ हा फ्रेंच शब्दप्रयोग फ्रेंच तत्त्वज्ञ एमिल बुआराक यांच्या १८७६ च्या एका पत्रातून रूढ झाला, असे सामान्यतः मानले जाते. आजवरच्या पाहण्या एकत्र घेतल्या तर साधारण दोनतृतीयांश निरोगी माणसांनी हा भास आयुष्यात कधी ना कधी अनुभवलेला असतो. पौगंडावस्थेत आणि विशी-पंचविशीत तो अधिक येतो, वयाबरोबर कमी होत जातो, आणि थकवा, ताण किंवा बराच प्रवास यांच्याशीही त्याचा संबंध दिसतो. स्मरणशक्तीच्या अभ्यासकांची एक पटणारी उपपत्ती अशी आहे की ओळखीची जाणीव आणि प्रत्यक्ष आठवण या दोन वेगळ्या क्रिया आहेत व कधीकधी पहिली जागी होते, दुसरी होत नाही. वाईतल्या एखाद्या वाड्यात आपण प्रथमच पाऊल टाकतो, पण ओटी, झोपाळा आणि माजघराचे दार यांची मांडणी आजोळच्या घरासारखी असते. आजोळ आठवत नाही, ओळख मात्र दाटून येते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲन क्लिअरी यांनी आभासी दृश्यांमध्ये नेमकी अशी मांडणीची साम्ये पेरून हा भास प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवला आहे.

महिन्यातून अमुक वेळा भास झाला म्हणजे अपस्मार, असा कोणताही आकडा रोगनिदानाच्या व्याख्येत नाही. मात्र पूर्वी क्वचित होणारा भास अचानक आठवड्यातून अनेकदा होऊ लागला, किंवा चाळिशीनंतर तो पहिल्यांदाच सुरू झाला, तर डॉक्टरांना विचारणे शहाणपणाचे आहे. एवढ्यापुरते त्या मजकुराचे म्हणणे मान्य करायला हवे.

आता सत्याच्या कणाकडे. कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूचा टेम्पोरल लोब असतो आणि तिथून उद्भवणाऱ्या झटक्याची सुरुवात खरोखरच अशा भासाने होऊ शकते. लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी याला ‘स्वप्नवत अवस्था’ म्हटले, आणि त्यांच्या १८८८ च्या निबंधातला ‘डॉक्टर झेड’ हा रुग्ण स्वतःच डॉक्टर होता. एकदा रुग्ण तपासायला घेत असतानाच त्याला झटक्याची चाहूल लागली. भानावर आल्यावर पाहतो तो, डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असल्याचे निदान त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेले होते, आणि ते लिहिल्याची त्याला काडीचीही आठवण नव्हती. (पुन्हा तपासून पाहिले तेव्हा निदान बरोबर निघाले, ही गोष्ट वेगळी.) त्याच्या मृत्यूनंतर डाव्या टेम्पोरल लोबच्या आतल्या भागात एक अगदी छोटा बिघडलेला ठिपका सापडला, आणि हे वर्णन १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे शस्त्रक्रियापूर्व तपासणीत मेंदूच्या याच परिसराला सौम्य विद्युत्‌प्रवाह देऊन रुग्णांमध्ये असा भास जागवल्याच्या नोंदीही झाल्या.

या कथेतली महत्त्वाची बाब नुसता भास ही नाही, तर भासानंतर गेलेली शुद्ध आहे. अपस्मारातला डेजा वू बहुधा एकटा येत नाही. पोटातून काहीतरी छातीकडे चढत असल्यासारखे वाटते, विनाकारण धडकी भरते, आसपास काही नसताना करपल्यासारखा किंवा कुजका वास येतो. हे सारे दर वेळी जवळजवळ त्याच क्रमाने होते आणि अर्ध्या मिनिटापासून एक-दोन मिनिटांत आटोपते. त्यापुढे झटका पसरला तर माणूस टक लावून पाहत राहतो, ओठ चाटतो किंवा चघळल्यासारखे करतो, कपड्यांशी चाळा करतो, हाक मारली तर उत्तर देत नाही आणि नंतर काही मिनिटे गोंधळलेला असतो. ‘तोंडाला फेस आला नाही, हातपाय झटकले नाहीत, मग ही फिट कसली’ असा जो उलट युक्तिवाद अशा मजकुरांखाली हमखास वाचायला मिळतो, तो म्हणूनच मूळ दाव्याइतकाच चुकीचा आहे. अशी शुद्ध हरपत असेल, तर तपासणी होईपर्यंत गाडी चालवणे आणि विहिरीत एकट्याने पोहणे टाळले पाहिजे.

ईईजीबद्दलचे विधान मला सर्वांत घातक वाटते. नेहमीचा ईईजी म्हणजे डोक्याच्या त्वचेवरून अर्ध्या तासाच्या आसपास घेतलेला आलेख. त्या वेळात झटका आला नाही आणि बिघाड खोलवर असला, तर अपस्मार असूनही तो नॉर्मल येऊ शकतो आणि पहिल्या खेपेस तसा तो अनेकदा येतो. मग झोपेतला आलेख, दीर्घकाळचा व्हिडिओ-ईईजी आणि एमआरआय यांचा विचार होतो. उलट, कधीही झटका न आलेल्या काही माणसांच्या आलेखातही संशयास्पद खुणा दिसतात. निदानाचा कणा असतो तो सविस्तर हकिकतीचा, आणि झटक्याच्या वेळी मोबाइलवर टिपलेले मिनिटभराचे चित्रण आलेखाच्या कागदापेक्षा कधीकधी अधिक सांगून जाते.

भविष्याच्या दाव्याला फार जागा द्यायला नको. क्लिअरी यांच्या २०१८ च्या प्रयोगात भास होणाऱ्यांना पुढचे वळण कळल्यासारखे ठामपणे वाटत होते. प्रत्यक्षात त्यांची उत्तरे छापा-काट्याहून सरस ठरली नाहीत.

राहिले मुलींबाबतचे गुपित. अपस्मार हा उपचार असलेला आजार आहे. साधारण दोनतृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येतात, आणि जिथे औषधे हरतात तिथे निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेचा मार्ग असतो. कॅनडातील २००१ च्या चाचणीत वर्षाअखेरीस शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त झालेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के होते, औषधांच्या गटात ८ टक्के. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या वैद्यकीय संस्थेत तर अशा शस्त्रक्रिया १९९० च्या दशकापासून होत आहेत. हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या अटी सांगणाऱ्या कलम ५ मध्ये वेडाच्या जोडीने बसवलेला अपस्माराचा उल्लेखही १९९९ च्या दुरुस्तीने गळला. तरीही स्थळे बघताना हा विषय दडपला जातो, हे वास्तव नाकारण्यात अर्थ नाही. पण या आजारात रुग्णाला स्वतःला अर्धीच गोष्ट आठवते. उरलेली अर्धी आईने, बहिणीने किंवा वसतिगृहातल्या मैत्रिणीने पाहिलेली असते, आणि हा मजकूर नेमके त्यांनाच गप्प बसायला सांगतो.