लिंक उघडते, पण पोचवत नाही

नमस्कार,

डॉक्युमेंटेशनच्या लिंक्स तपासायला ‘स्ट्रिक्ट लावा’ (इशारा आला की बिल्ड थांबवणारी सेटिंग) या माझ्या सल्ल्यावर इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डॉक्युमेंटेशनमधल्या अंतर्गत लिंक्स प्रत्येक बिल्डला, म्हणजे लिहिलेल्या मजकुरापासून साइट तयार करताना दरवेळी, तपासणं अति आहे, लिंक तुटली की सर्व्हरच्या लॉगमध्ये ४०४ (‘पान सापडलं नाही’चा कोड) दिसतोच, तेव्हा दुरुस्त करावी, आणि एका लिंकपायी अख्खा बिल्ड अडवणं म्हणजे लिहिणाऱ्यांचा छळ.

आधी लॉगबद्दल, कारण खरं दुमत तिथेच आहे. ४०४ येतो तो पानच नसेल तर. लिंकमध्ये हॅशच्या (#) पुढचा जो भाग असतो, तो ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. पान हातात आलं की त्या नावाचा आयडी, म्हणजे पानातल्या विभागाची खूण, तो स्वतः शोधतो, आणि सापडला नाही तर मुकाट्याने पानाच्या सुरुवातीलाच थांबतो. लॉगमध्ये नोंद होते २००, म्हणजे ‘सगळं ठीक’. वर्षभर लॉग चाळलेत तरी ही चूक तिथे दिसणार नाही.

मला हे वापरकर्त्याच्या एका तक्रारीने, म्हणजे तिकिटाने, शिकवलं. आमच्या बॅकअपच्या पानावर मध्यावर ‘रिस्टोअर करण्याआधी’ असा मथळा होता आणि त्याखाली एकच सूचना: डेटाबेसमध्ये लिहिणाऱ्या सगळ्या प्रोसेस थांबवा. मी तो मथळा बदलून ‘पूर्वतयारी’ केला. आयडी मथळ्यावरून आपोआप बनत होता, त्यामुळे तोही बदलला. दुसऱ्या एका पानावरची लिंक मात्र जुन्याच आयडीकडे बोट दाखवत राहिली. एका वापरकर्त्याने ती उघडली, तो पानाच्या वरच्या टोकाला पोचला, तिथे रिस्टोअरची कमांड दिसली आणि त्याने ती चालवली. तिकिटात त्याने लिहिलं होतं, “तुम्ही दिलेल्या लिंकवर जे लिहिलंय तेच केलं.” खरंच तेच केलं होतं. मथळा बदलताना मी ते पान तीनदा वाचलं होतं, पण इथे कुठून कुठून लिंक येते हे पान वाचून कळत नाही.

म्हणून बिल्ड अडवायचा. मथळा बदलणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी सगळा संदर्भ ताजा असतो, दुरुस्ती दोन मिनिटांची असते. तीच तीन महिन्यांनी दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली की त्याला आधी शोधत बसावं लागतं, मूळ लेखकाला नेमकं कुठे न्यायचं होतं.

बाहेरच्या लिंक्सबद्दल मात्र तुमचं पटलं. दुसऱ्याचा सर्व्हर बंद पडला म्हणून आपला बिल्ड थांबू नये. स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन बनवण्याच्या साधनात त्यासाठी लिंकचेक वेगळा चालवता येतो, तो आठवड्यातून एकदा पुरतो. अंतर्गत लिंक्सची दोन्ही टोकं आपल्याच हातात असतात, तिथे सबब नाही.

‘स्ट्रिक्ट लावा’ हा माझा सल्ला अपुरा होता, तेही सांगतो. एमकेडॉक्स या तशाच साधनात अँकरची, म्हणजे हॅशपुढच्या आयडीची, तपासणी १.६ आवृत्तीत आली, पण मूळ सेटिंगमध्ये ती फक्त माहिती देते. स्ट्रिक्ट असूनही बिल्ड पुढे जातो. सेटिंगच्या व्हॅलिडेशन विभागात अँकर्सची पातळी ‘वॉर्न’ (इशारा) करावी लागते. डॉक्युसॉरस हे आणखी एक साधनही तुटक्या लिंकवर बिल्ड थांबवतो, पण तुटक्या अँकरवर नुसता इशारा देतो.

देवनागरी मथळ्यांचा घोळ तर तपासणीतही सापडत नाही. एमकेडॉक्स मजकुराचं वेबपान बनवायला जे वापरतं, ते पायथन-मार्कडाउन आयडी बनवताना मूळ सेटिंगमध्ये देवनागरी अक्षरं गाळून टाकतं. पूर्ण मराठी मथळ्याचं मग काहीच उरत नाही. आयडी होतो अंडरस्कोर आणि १, पुढच्याचा अंडरस्कोर आणि २. मध्येच एक नवा मथळा घाला, खालचे सगळे आकडे एकाने सरकतात. लिंक तपासणीत पास होते आणि वाचकाला भलत्याच विभागात नेऊन सोडते. यावर मला भरवशाचा वाटतो तो एकच उपाय: ज्या विभागाकडे बाहेरून लिंक येते, त्याच्या मथळ्यापुढे महिरपी कंसात आयडी स्वतः लिहायचा. त्यासाठी अ‍ॅट्रिब्यूट लिस्टचं एक्स्टेन्शन सुरू करावं लागतं. मग मथळा हवा तितक्यांदा बदला.

तुमच्याकडे जुने शेकडो इशारे साचले असतील, तर पहिल्याच दिवशी बिल्ड अडवू नका. इन्स्टॉलेशन, अपग्रेड आणि बॅकअप ही तीन पानं आधी स्वच्छ करा. चुकीच्या जागी पोचलेल्या वाचकाचं सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं.