‘तो रनडाउन असेल’ या प्रतिक्रियेला उत्तर

संवेदी चेतापेशींमधला कॅल्शियम करंट (चॅनेल्समधून पेशीत शिरणाऱ्या कॅल्शियमचा विद्युतप्रवाह) बॅक्लोफेन या स्नायू सैल करणाऱ्या औषधामुळे कसा कमी होतो, या माझ्या लेखावर काल रात्री आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देते: ‘मॅडम, लेख पुस्तकी आहे. होल-सेलमध्ये कॅल्शियम करंट आपोआप खाली येतोच, त्याला रनडाउन म्हणतात. तुम्ही दाखवलेला परिणाम रनडाउन नाही कशावरून? डोसही चुकलाय. आणि कोंबडीच्या पेशींवरून माणसाच्या दुखण्याबद्दल बोलू नये. नाशिकात बसून पॅच-क्लॅम्प शिकवण्याआधी रिग एकदा बघून या.’ (पॅच-क्लॅम्प म्हणजे पिपेटने, काचेच्या बारीक नळीने, एका पेशीतला करंट मोजायची पद्धत; होल-सेल म्हणजे त्यात पटल फोडून नळी पेशीच्या आत उघडणं; रिग म्हणजे त्यासाठीची यंत्रमांडणी.)

शेवटच्या वाक्यापासून सुरू करते, कारण बाकीच्या प्रतिक्रियेचा सगळा आव त्यातूनच आलाय. नाशिकचा इथे काय संबंध? आरोग्य विद्यापीठ याच शहरात आहे, आणि फिजिऑलॉजी-फार्माकॉलॉजी शिकणाऱ्या ज्या मुलांना हा विषय इंग्रजीतून जड जातो, त्यांच्यासाठी मी मराठीत लिहिते. राहिला रिगचा प्रश्न. पुण्यात साडेचार वर्षं मी याच डीआरजी पेशींवर, म्हणजे मज्जारज्जूशेजारच्या गाठींतल्या संवेदी चेतापेशींवर, काम केलंय. रनडाउन म्हणजे काय हे मला प्रतिक्रियेतून शिकायची गरज नाही. ‘कशावरून?’ एवढंच विचारलं असतंत, तरी मी इतकंच लांब उत्तर लिहिलं असतं, आणि आनंदाने लिहिलं असतं.

डोसचं म्हणणं बरोबर आहे. 50 मायक्रोमोलरच्या जागी मिलिमोलर पडलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता रनडाउन. करंट घसरतो हे खरंच आहे. पिपेट आत उघडली की पेशीतलं एटीपी (ऊर्जा देणारा रेणू) द्रावणात विरून जातं, पटलातलं पीआयपी2 (चॅनेलला चालू ठेवणारा मेदरेणू) टिकत नाही, आणि एल व एन प्रकारची कॅल्शियम चॅनेल्स हळूहळू प्रतिसाद देईनाशी होतात. म्हणूनच पिपेटच्या द्रावणात सीझियमच्या क्षाराबरोबर 10 मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन), 4 मिलिमोलर मॅग्नेशियम-एटीपी आणि 0.3 मिलिमोलर जीटीपी (जी-प्रोटीनला लागणारा रेणू) घालायचं आणि पीएच 7.2 ला आणायचा. एटीपी-जीटीपी वजा 20 अंशांवर छोट्या कुप्यांत ठेवायचं, एक कुपी एकदाच वितळवायची आणि दिवसभर बर्फात ठेवायची. सकाळी भरलेलं द्रावण दुपारपर्यंत टेबलावर राहिलं, तर तुम्ही म्हणता तसा रनडाउन हमखास दिसेल. बाहेरच्या द्रावणात सोडियमऐवजी टीईए (पोटॅशियम चॅनेल्स अडवणारं रसायन) आणि कॅल्शियमऐवजी 5 ते 10 मिलिमोलर बेरियम, म्हणजे कॅल्शियममुळे होणारं इनॅक्टिव्हेशनही (चॅनेल आपोआप मिटणं) बाजूला राहतं.

एवढं करूनही पेशी उघडल्या उघडल्या औषध सोडायचं नाही. दर 20 सेकंदांनी व्होल्टेजचा एक छोटा झटका, म्हणजे पल्स, देत राहायचं. पहिल्या एक-दोन मिनिटांत करंट बऱ्याचदा वाढतो, मग सपाट होतो. सलग तीन-चार मिनिटं सपाट राहिला तरच बॅक्लोफेन. घसरतच राहिला तर ती पेशी सोडून दुसरी घ्यायची. हा परिच्छेद मूळ लेखातही होता. तुम्ही तो वाचलेला दिसत नाही.

पण खरा पुरावा करंटच्या उंचीत नसतो, आकारात असतो. वजा 80 मिलिव्होल्टवरून अधिक 10 वर 20 मिलिसेकंदांचा पल्स द्या. औषधाआधी करंटची रेघ झपकन खाली जाते, एक-दोन मिलिसेकंदांत तळ गाठते आणि तिथेच राहते. बॅक्लोफेन पोचलं की काही सेकंदांत तोच करंट लहान तर होतोच, पण त्याची धार बोथट होते: रेघ तिरकी, रेंगाळत, पल्स संपेपर्यंत उतरतच राहते. रनडाउनमध्ये हा तिरकेपणा येत नाही. तिथे मूळ आकृतीच लहान होत जाते.

मग याच पल्सच्या आधी अधिक 80 वर 50 मिलिसेकंदांचा प्रीपल्स द्या, वजा 80 वर 5 ते 10 मिलिसेकंद थांबा आणि तोच पल्स पुन्हा द्या. धार परत येते, उंचीही बरीचशी परत येते. मेलेलं चॅनेल 50 मिलिसेकंदांत जिवंत होत नाही. बॅक्लोफेनच्या रिसेप्टरचा संदेश पेशीत नेणाऱ्या जी-प्रोटीनचा बीटा-गॅमा भाग चॅनेलला चिकटलेला असतो, तो मोठ्या व्होल्टेजला सुटतो, म्हणून हे घडतं. बीन या शास्त्रज्ञांनी 1989 मध्ये चॅनेलच्या ‘राजी’ (सहज उघडणारी) आणि ‘नाराज’ (उघडायला जास्त व्होल्टेज लागणारी) अशा दोन अवस्था मांडल्या. नाराज करणारा हाच बीटा-गॅमा, हे 1996 मध्ये दोन गटांनी दाखवलं. मधला थांबा मात्र छोटाच हवा. 200 मिलिसेकंद थांबलात तर बीटा-गॅमा पुन्हा चिकटतो, दोन्ही करंट सारखे दिसतात आणि माणूस ‘बघा, रनडाउनच होता’ म्हणून मोकळा होतो. तुमच्या बाबतीत असंच झालं असावं असा माझा अंदाज आहे.

शेवटी औषध धुवा. करंट परत वर येतो. रनडाउन धुऊन जात नाही.

फसवणारी खरी गोष्ट दुसरीच आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत तिचा उल्लेखही नाही: सीरीज रेझिस्टन्स, म्हणजे पिपेटच्या टोकाशी होणारा अडथळा, ज्यामुळे दिलेलं व्होल्टेज पेशीला पूर्ण मिळत नाही. 4 नॅनोअँपिअरचा करंट आणि 6 मेगाओहमचा रेझिस्टन्स म्हणजे 24 मिलिव्होल्टची चूक. तिच्यामुळेही करंटचा आकार बिघडतो. 80 टक्के भरपाई केली की चूक 5 च्या आसपास येते. रात्रभर कल्चरमध्ये ठेवून फुटवे आलेल्या पेशीत तर व्होल्टेज टोकापर्यंत नीट पोचतच नाही, आणि खोटी तिरकी रेघ दिसते. गोल, फुटवे नसलेली पेशी घ्या, वेगळी केल्यावर काही तासांतच. तापमानही लिहून ठेवा. आपल्याकडची जानेवारीची सकाळ आणि मेची दुपार यांत त्याच करंटचा वेग ओळखू येणार नाही इतका बदलतो.

प्रीपल्सने सगळाच करंट परत येत नाही, हेही खरं. वेदनावाहक पेशींत एन चॅनेलचा एक्सॉन 37ए (जनुकाचा एक तुकडा) असलेला प्रकार जास्त सापडतो आणि त्याच्यावरचा काही दाब व्होल्टेजने सुटत नाही. पण तोही औषध धुतलं की सुटतो.

कोंबडीचं म्हणाल तर डनलप आणि फिशबाख या संशोधकांनी 1978 मध्ये सुरुवात तिथून केली म्हणून ती लेखात आली. उंदराच्या डीआरजीतही बॅक्लोफेन हेच करतं. त्यावर आत्ता अधिक लिहीत नाही.

तुमच्याकडे प्रीपल्सनेही न सुधारलेला आणि धुतल्यावरही परत न आलेला करंट असेल, तर तो ट्रेस (करंटची नोंदलेली रेघ) पाठवा. सोबत पिपेटमधलं द्रावण, सीरीज रेझिस्टन्स, प्रीपल्सनंतरचा थांबा आणि पेशी उघडल्यापासूनची मिनिटं लिहा. मी तो इथेच छापेन.