'पगारी वॉचमन' म्हणणाऱ्या वाचकांस

महोदय,

अमेरिकेतील खासगी रेल्वे कंपन्यांच्या पोलिसांवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे, "हे कंपनीचे पगारी वॉचमन; त्यांना पोलीस म्हणणे ही दिशाभूल आहे. लेखकाने कायदा उघडून तरी पाहावा." मतभेदाचे मला वावडे नाही; मात्र 'उघडून तरी' यातला 'तरी' काही केल्या पचला नाही.

पगार कोण देतो आणि अधिकार कोठून येतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपली गल्लत नेमकी तेथेच झाली आहे. पेनसिल्व्हेनियाने १८६५ मध्ये कंपन्यांना पोलीस ठेवण्याची मुभा दिली, तेव्हाही पगार कंपनीचा आणि नेमणूकपत्र राज्यपालांचे अशीच व्यवस्था होती. आजच्या संघीय कायद्याच्या २८१०१व्या कलमानुसार, एखाद्या राज्याने पोलीस म्हणून प्रमाणित केलेला कंपनीचा अधिकारी, कंपनीची मालमत्ता असलेल्या दुसऱ्या राज्यातही तेथील पोलिसाइतकाच अधिकार चालवू शकतो. अर्थात कर्मचारी, प्रवासी, ग्राहक, कंपनीची मालमत्ता, आंतरराज्य व्यापारातील माल आणि संरक्षणाची सामग्री यांच्या रक्षणापुरताच. ही मर्यादा मूळ लेखात होती. आपण तिथवर पोहोचला नसाल.

मी अकरा वर्षे शिकागोजवळ राहिलो आहे. एका हिवाळ्यात मालगाडीचे छायाचित्र घेण्यासाठी रुळांलगत गेलो असता, कंपनीचे चिन्ह असलेल्या गाडीतून एक अधिकारी उतरला. त्याने माझा परवाना मागितला, उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला आणि बॉनेटवर कागद ठेवून विनापरवाना प्रवेशाबद्दल चलन लिहिले. त्यावर तारीख होती ती काउंटी न्यायालयाची, कंपनीच्या कचेरीची नव्हे. दंडही मी न्यायालयातच भरला. आमच्या सोसायटीच्या वॉचमनने अद्याप कोणाला कोर्टाची तारीख दिल्याचे ऐकिवात नाही.

एक चूक मात्र मोकळेपणाने मान्य करतो. कंपनीच्या मालमत्तेपासून ५०० मीटरपर्यंत या पोलिसांचा अधिकार चालतो, ही हद्द मी मूळ लेखात अमेरिकेच्या परिच्छेदात घातली होती. ती कॅनडाच्या रेल्वे सुरक्षा कायद्यातली आहे, जिथे अशी नेमणूक वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश करतात. दुरुस्ती केली आहे.

राहता राहिले आपले शेवटचे वाक्य: २०१९ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील फील्डजवळ मालगाडी घसरून तीन कर्मचारी दगावले, तेव्हा त्याच कंपनीच्या पोलिसांनी तपास का करावा? हा प्रश्न हितसंबंधांचा आहे, अधिकारांचा नव्हे, आणि माझ्या लेखाचा तो विषयच नव्हता. त्यावर कधी लिहिलेच, तर ते आपण पहिल्या ओळीपासून वाचावे, इतकीच विनंती.