सोलरच्या टाकीत कूलंट ओतू नका

थंडी पडल्यापासून ग्वाल्हेरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "भाड्याच्या घरातलं सोलर गीझर आणि पाइप गोठून फुटू नयेत म्हणून गच्चीवरच्या टाकीत एक लिटर गाडीचं कूलंट ओता. पाणी गोठत नाही, क्षार बसत नाही. चव गोड असते, म्हणजे विषारी नाही. भाडेकरूला कळतही नाही." काल तो दौलतगंजातल्या आमच्या आत्यांकडे पोचला आणि त्यांनी कॅन मागवलासुद्धा!

आधी गोडव्याचं बघू, कारण हे वाक्य जिवावर बेतणारं आहे. गाडीच्या कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोडच लागतं, म्हणून लहान मुलं आणि कुत्री ते चाटतात. पोटात गेल्यावर त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि कॅल्शियमशी जुळून मूत्रपिंडात त्याचे स्फटिक साचतात. माणूस आधी दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, उलट्या होतात, मग एक-दोन दिवसांत लघवी बंद होते. दहा किलोच्या मुलाला शुद्ध ग्लायकॉलचा एक मोठा चमचा, साधारण १५ मिली, प्राणघातक ठरू शकतो. २०२५ मध्ये आपल्याच राज्यात, छिंदवाड्यात, खोकल्याच्या औषधात याचंच भावंड डायएथिलीन ग्लायकॉल निघालं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मुलं गेली. एवढं ताजं असताना हा मेसेज पुढे ढकलवतो तरी कसा? पाणी उकळूनही उपयोग नाही. ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतं, म्हणजे पाणी उडून जातं आणि विष मागे राहतं.

बरं, यानं पाइप तरी वाचतात का? सोलरच्या टाकीतल्या २०० लिटर पाण्यात एक लिटर म्हणजे अर्धा टक्का. त्यानं गोठणबिंदू जेमतेम ०.२ अंश खाली जातो. उणे १४ अंशांपर्यंत निभवायचं तर सुमारे ३० टक्के, म्हणजे ६० लिटरच्या आसपास ग्लायकॉल लागेल. आणि आपल्याकडच्या बहुतेक सोलरमध्ये पॅनेलमधून फिरणारं पाणीच नळाला येतं. चार बादल्या काढल्या की ओतलेलं न्हाणीघरात नाहीतर स्वयंपाकघरात.

क्षाराचं म्हणाल तर कूलंटमधली रसायनं इंजिनाचा गंज रोखायला असतात. बसलेला थर त्यानं निघत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. लेहसारख्या ठिकाणी सोलरमध्ये ग्लायकॉल खरंच घालतात. पण तिथे पॅनेलचं सर्किट बंद असतं, नळाचं पाणी वेगळ्या कॉइलपलीकडून तापतं आणि द्रव्य असतं प्रॉपिलीन ग्लायकॉल, जे एथिलीनपेक्षा खूपच कमी विषारी आहे. गोठण्याची भीतीही अगदीच खोटी नाही. निरभ्र रात्री फ्लॅट प्लेट पॅनेल (काचेखाली तांब्याच्या नळ्या असलेली सपाट पेटी) आकाशाकडे उष्णता टाकतं, त्यामुळे पारा २-३ अंशांवर असला तरी आतल्या अर्ध्या इंची तांब्याच्या नळ्यांतलं पाणी गोठू शकतं. गोठताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि नळी उसवते.

त्यावर उपाय साधा आहे. अशा रात्री पॅनेलवर ताडपत्री टाका, सकाळी काढा. उघड्या पाइपांवर, विशेषतः बेंड आणि वॉल्व्हवर, १९ मिमी जाडीचा काळा नायट्राइल (रबरी) फोम चढवा. वरून फॉइल टेप लावा, नाहीतर उन्हानं फोम तडकतो. घर रिकामं असेल तर सकाळी पाणी गार असताना बॅकअप हीटरचा एमसीबी (वीज बोर्डातला त्याचा स्विच) पाडा, थंड पाण्याचा वॉल्व्ह बंद करा, हवा आत यायला गरम नळ उघडा आणि पॅनेलचा खालचा ड्रेन प्लग काढा. रिकामं पॅनेल झाकून ठेवा. पुन्हा भरायचं ते सूर्योदयाआधी. तापलेल्या पॅनेलमध्ये गार पाणी सोडलं की जोड सुटतात. काचेच्या नळ्यांचं सोलर असेल तर नळ्या फुटतात.

कूलंट ओतून झालं असेल तर पहिला फोन भाडेकरूला करा: नळ बंद, त्या पाण्याचा स्वयंपाक नको, चूळही नको. मग टाकी, पॅनेल, पाइप रिकामे करून तीन-चारदा भरून धुवा. पहिलं पाणी अंगणात सोडू नका, बंद कॅनमध्ये भरा. कोणाच्या पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट पाहू नका. कूलंटचा डबा लेबलासकट बरोबर घ्या आणि डायलिसिसची सोय असलेलं इस्पितळ गाठा.