‘मेंढीला ग्लुकोज लागतेच किती?’ या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गाभण मेंढीच्या इन्सुलिन-प्रतिरोधावरील (शरीर इन्सुलिनला नेहमीपेक्षा कमी दाद देते, त्यावरील) माझ्या लेखावर आपले दोन आक्षेप आहेत: रवंथ करणारा प्राणी मेदाम्लांवर जगतो, म्हणून त्याच्या बाबतीत ग्लुकोजला एवढे महत्त्व देऊ नये; आणि गाभणपणातला कीटोनविकार (चरबी विरघळून रक्तात कीटोन नावाची द्रव्ये साचण्याचा आजार) हा निव्वळ अपुऱ्या खुराकाचा परिणाम आहे, त्यात संप्रेरकांना ओढण्याचे कारण नाही.

पहिल्या आक्षेपातील माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. मेंढीच्या आतड्यातून ग्लुकोज फारच थोडे शोषले जाते आणि प्रौढ मेंढीच्या रक्तातील त्याचे प्रमाण डेसिलिटरला साधारण 50 ते 80 मिलिग्रॅम, म्हणजे माणसापेक्षा कमी असते. पण कोटीपोटात, म्हणजे चारा आंबतो त्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, तयार होणाऱ्या अ‍ॅसिटेट या मेदाम्लापासून ग्लुकोज बनत नाही. यकृताला ते मुख्यतः प्रोपिओनेट या दुसऱ्या मेदाम्लापासून, आणि काही अंशी अमिनो आम्लांपासून व लॅक्टेटपासून, दररोज घडवावे लागते. मेंढीच्या वारेतून मेदाम्ले फारशी पलीकडे जात नाहीत, त्यामुळे गर्भाची भिस्त ग्लुकोजवर राहते. जे इतक्या कष्टाने मिळते, त्याची वाटणी अधिक काटेकोर व्हावी लागते.

ही वाटणी संप्रेरके करतात, आणि माझ्या लेखाचा गाभा हाच होता. सुमारे 147 दिवसांच्या गाभणपणात गर्भाची बहुतांश वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या काळात मेंढीच्या स्नायूंना आणि चरबीला इन्सुलिनचा संकेत पूर्वीसारखा लागू पडत नाही. वारेतील ग्लुकोजवाहक प्रथिने मात्र इन्सुलिनवर अवलंबून नसतात, म्हणून आईच्या स्नायूंनी सोडलेला वाटा गर्भाकडे जातो. भाकड आणि गाभण मेंढ्यांना सारखेच इन्सुलिन देऊन रक्तातील ग्लुकोज स्थिर ठेवले, तर गाभण मेंढीला बाहेरून कमी ग्लुकोज पुरवावे लागते, म्हणजे तिच्यावर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, आणि हा फरक पोटभर खाणाऱ्या मेंढीतही दिसतो. केवळ खुराकाने त्याचा उलगडा होत नाही. खुराक कमी पडला की तोच प्रतिरोध तीव्र होतो, चरबी वेगाने विरघळते आणि यकृतात तयार होणारे कीटोन रक्तात साचू लागतात. जुळी कोकरे असतील तर गर्भाशयाच्या दाबाने कोटीपोटाला जागाही कमी उरते, हा आपला मुद्दा मी लेखात घ्यायला हवा होता.

एका ठिकाणी चूक माझी आहे. वारेतून स्रवणारे प्लॅसेंटल लॅक्टोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन संप्रेरकांना मी एकाच वाक्यात प्रतिरोधाचे ‘कारण’ म्हटले. गाभणपणात दोन्ही एकत्रच वाढलेली असतात, त्यामुळे नुसत्या निरीक्षणावरून त्यांचा वेगवेगळा वाटा ठरवता येत नाही. त्यासाठी अंडाशय काढलेल्या मेंढीला एकेक संप्रेरक देऊन पाहावे लागते. शिवाय मेंढी व्यायल्यावर ही दोन्ही रक्तातून झपाट्याने ओसरतात, तरी चरबीच्या ऊतीतला प्रतिरोध दुधाच्या काळातही टिकतो, कारण आता कासेला दुग्धशर्करेसाठी ग्लुकोज हवे असते. तेथे इन्सुलिनची खालावलेली पातळी आणि वाढ-संप्रेरक यांचा विचार करावा लागतो. मूळ वाक्य मी त्यानुसार बदलले आहे.