लंडनच्या ३२ अंशांना हसणाऱ्यांसाठी

जून उजाडला आणि लंडनचा पारा तिशीपार गेला की आपल्या ग्रुपांवर तोच तो विनोद फिरायला लागतो. एका बाजूला नागपूरचे ४५, दुसऱ्या बाजूला लंडनचे ३२, खाली लोळून हसणारे चेहरे. हा विनोद आता आवरता घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. कारण हेच हसणारे लोक उन्हाळ्यात आई-वडिलांना इकडे ब्रिटनमध्ये बोलावतात आणि घरातल्या सगळ्यात तापणाऱ्या, म्हणजे लॉफ्टमधल्या, अगदी छपराखालच्या खोलीत त्यांची सोय करतात.

आधी थोडे आकडे. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबी इथे ४०.३ अंश नोंदले गेले. ब्रिटनमध्ये चाळिशी ओलांडल्याची ती पहिलीच नोंद. त्या आधीचा उच्चांक केंब्रिजचा, २५ जुलै २०१९ चा, ३८.७. पण २०२२ च्या त्या आठवड्यातला खरा वाईट आकडा रात्रीचा होता. लंडनच्या दक्षिण टोकाच्या केन्लीला पारा २५.८ च्या खाली उतरलाच नाही. रात्रीच्या किमान तापमानाचा जुना उच्चांक ब्रायटनचा, ऑगस्ट १९९० मधला, २३.९ होता. तो एकट्या केन्लीनेच एका फटक्यात जवळजवळ दोन अंशांनी मागे टाकला. २०२२ च्या उन्हाळ्यातल्या पाच लाटांमध्ये इंग्लंडमध्ये उष्णतेमुळे २,९८५ माणसं गेल्याचा सरकारी आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे, आणि त्यात बहुसंख्य ६५ च्या वरची. २०२५ चा उन्हाळा तर सरासरीने इथला आजवरचा सर्वांत उष्ण ठरला. तेव्हा "दोन दिवसांचं कौतुक" म्हणून सोडून देण्यासारखं हे राहिलेलं नाही.

नागपूरची रात्र याहून गरम असते हे मान्यच. पण नागपूरच्या घरात छताला पंखा आहे, खिडकीत कूलर आहे, दुपारी पडदे ओढून घर अंधारं करायची सवय आहे, जाड भिंती किंवा निदान गच्ची-ओसरी आहे. इथलं घर थंडीशी लढायला बांधलेलं. भिंतीच्या पोकळीत इन्शुलेशन, दुहेरी काच, सांधे बंद. इन्शुलेशनला दोष देणारे बरेच भेटतात, ते चुकतात. भिंतीतून येणारी उष्णता इन्शुलेशन अडवतंच. गडबड काचेतून होते: ऊन काचेतून आत येतं, फरशी-सोफा तापवतं, आणि मग ती ऊब बाहेर जायला वाटच राहत नाही. बाहेरच्या बाजूने शटर किंवा छज्जा इथे जवळपास कुठेच नाही. दोन चौरस मीटरच्या पश्चिमेच्या काचेवर संध्याकाळचं थेट ऊन पडलं की पाऊण किलोवॅटच्या आसपास उष्णता आत येते. भर जुलैत कोणीतरी हीटर लावून ठेवल्यासारखंच हे.

आणि "संध्याकाळ" या शब्दावर आपली माणसं हमखास फसतात. घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे असल्याने लंडनमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी एकच्या सुमाराला. दिवसाचं कमाल तापमान येतं बहुधा चार ते सहाच्या दरम्यान. जूनअखेर सूर्यास्त सव्वानऊनंतर. पुण्याहून आलेले बाबा सवयीने साडेचारचा चहा घेऊन पाचला फिरायला निघतात, "उन्हं कलली" म्हणून. ती इथली भर दुपार असते. फिरणं सकाळी नऊच्या आत किंवा रात्री आठनंतर. शिवाय इथे उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीलाही सकाळ-संध्याकाळ ऊन लागतं. घर घेताना किंवा भाड्याने बघताना कंपास उघडून पश्चिमेची आणि वायव्येची काच किती आहे ते बघा. एजंट ते "ब्राइट अँड एअरी" म्हणून खपवतो.

आता करायचं काय. पैसे खर्च करायचे असतील तर पहिला पाउंड सावलीवर घाला, आणि सावली काचेच्या बाहेरून. आतला पडदा ऊन अडवतो तोवर ते काच ओलांडून आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती ऊब खोलीतच सुटते. पांढऱ्या अस्तराचा पडदा काही भाग परत फेकतो, त्यामुळे अगदी निरुपयोगी नाही, पण बाहेरच्या सावलीची त्याला सर नाही. तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर गार्डन सेंटरमधली ग्रीनहाउसची शेड नेट (७० टक्क्यांच्या वरची) किंवा साधी पांढरी चादरसुद्धा चालते: वरची कड खिडकीच्या झडपेत घट्ट मिटून घ्यायची, खालच्या कडेला हुक. उतरत्या छपरातल्या रूफ विंडोला बाहेरून लागणारी जाळी मिळते, आणि बहुतेक प्रकार आतून हात घालून बसवता येतात. लॉफ्टमध्ये कोणी झोपत असेल तर हीच खरेदी आधी. टॉवरमध्ये राहत असाल तर मात्र बाहेर काहीही लटकवू नका. वाऱ्याने सुटलं तर खाली माणसं असतात, आणि लीजही बहुधा परवानगी देत नाही. तिथे आतून चंदेरी पाठीचा ब्लाइंड. स्वयंपाकाची फॉइल काचेला थेट चिकटवण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. काचेचा एक भाग तापून कडा थंड राहिल्या की तडा जाऊ शकतो, आणि भाड्याच्या घरात तो खर्च तुमच्या गळ्यात.

खिडक्यांचा नियम एकच: बाहेर आतल्यापेक्षा गरम असेल तोवर बंद, गार झालं की सताड उघड्या. हे अंदाजाने होत नाही. दहा-दहा पाउंडांचे दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, एक आत, एक बाहेर सावलीत. लाटेच्या दिवसांत बाहेरचा आकडा आतल्याच्या खाली येतो तो बहुधा रात्री नऊ-दहानंतर. इथे लोक दोन चुका करतात. सकाळी अकराला "हवा खेळू दे" म्हणून सगळं उघडतात आणि ३३ ची हवा घरात भरतात. आणि रात्री अकराला चोराच्या भीतीने सगळं लावून झोपतात. सगळ्यात गार हवा पहाटे, सूर्योदयाच्या सुमाराला असते, म्हणजे जुलैत पाचच्या आसपास. उघड्या खिडकीचा खरा लाभ मध्यरात्रीनंतर ते सकाळी सात-साडेसातपर्यंत. तळमजल्याच्या खिडकीला कुलूपवाला रिस्ट्रिक्टर लावता येतो, फट साधारण १० सेंटिमीटर राहते. वरच्या मजल्याच्या खिडक्या पूर्ण उघड्या ठेवा, मात्र लहान मूल असेल तिथे तिथेही रिस्ट्रिक्टर हवाच आणि पलंग खिडकीपासून लांब.

एकाच बाजूच्या दोन खिडक्या उघडून फारसं काही होत नाही. समोरासमोरच्या लागतात, आणि मधली दारं उघडी. जुन्या घरांतली सॅश खिडकी असेल तर वरची झडप खाली आणि खालची वर, दोन्ही सारख्या उघडा. वरून गरम हवा जाते, खालून गार येते. व्हिक्टोरियन बांधकामवाल्यांना हे कळत होतं. नंतरच्या भाडेकऱ्यांनी आणि रंगाऱ्यांनी वरची झडप ऑइलपेंटने कायमची चिकटवून टाकली. पातळ पात्याने रंगाची रेघ कापली की ती बहुतेक वेळा सुटते.

पंखा दिवसा माणसावर आणि रात्री खिडकीवर. रात्री बाहेर गार झालं की स्टँडचा पंखा सगळ्यात तापलेल्या वरच्या खोलीत, खिडकीपासून अर्धा-एक मीटर आत, तोंड बाहेर करून लावा आणि खालच्या सावलीच्या बाजूची खिडकी उघडा. खोलीतली गरम हवा तो ढकलून देतो, खालून गार हवा ओढली जाते. वीज खाऊन खाऊन किती, ५० वॉट. आठ तासांचे दहा-अकरा पेन्स. पण खोली ३५ च्या वर गेली की कोरड्या अंगावर पंखा उलट गरम झळ मारतो. मग दंड, मान, पाय ओल्या फडक्याने पुसत राहायचं आणि त्यावर वारा घ्यायचा.

कूलरबद्दल विदर्भातल्या मंडळींनी नीट वाचावं, कारण ऑनलाइन मिळणारा ८०-१०० पाउंडांचा "एअर कूलर" सर्वांत जास्त तेच विकत घेतात. आपला कूलर खिडकीत, बाहेरच्या अंगाला बसतो. बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो, आत ढकलतो, आणि समोरचं दार उघडं असतं म्हणून ओली हवा निघून जाते. इथे तोच डबा बंद बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवतात. तासाभरात खोलीत दमटपणा भरतो, घाम वाळत नाही, अंग चिकचिकतं. रात्री इथली हवा मुळातच दमट, त्यामुळे दुपारी कोरडं असताना, उघड्या खिडकीपाशी, दार उघडं ठेवून तो चालवला तर थोडा उपयोग. नाहीतर तो पाणी भरायचा महागडा पंखा.

पोर्टेबल एसीचीही अशीच गत. ९,००० बीटीयूचं यंत्र म्हणजे कागदावर २.६ किलोवॅट गारवा, वीज साधारण १ किलोवॅट, म्हणजे आठ तास पूर्ण चाललं तर दोन-सव्वादोन पाउंड. पण एकाच पाइपचं यंत्र खोलीतलीच हवा तापवून बाहेर फेकतं, तासाला ३०० घनमीटरच्या आसपास. बारा चौरस मीटरच्या बेडरूममध्ये हवाच असते तीसेक घनमीटर. म्हणजे तासात दहा वेळा खोली रिकामी होते आणि तेवढीच गरम हवा दाराखालून, फटींतून आत येते. म्हणून "एसी चालू आहे पण खोली २५ च्या खाली जात नाही" ही तक्रार घरोघरी. उपाय: शक्य असेल तर दोन पाइपांचं मॉडेल घ्या. एकाच पाइपचं असेल तर तो ताणून आखूड ठेवा, वळणं टाळा, आणि त्याच्यावर इन्शुलेटेड वेष्टण घाला, कारण तो पाइप स्वतःच खोलीत तापत बसतो. बाहेर उघडणाऱ्या खिडकीला चेनवालं कापडी सील लागतं. ते वेल्क्रोने चौकटीला चारी बाजूंनी नीट चिकटलं नाही तर जी हवा फेकली तीच परत आत. चौकट आधी स्पिरिटने पुसून कोरडी करा, नाहीतर वेल्क्रो पहिल्याच रात्री सुटतो. आणि आवाज ६० डेसिबलच्या पुढे, तेव्हा संध्याकाळी सातपासून खोली गार करून घ्या आणि झोपताना बंद करून पंखा लावा. ही खरेदी मे महिन्यात करा. लाटेचा इशारा आला की दुकानं रिकामी होतात.

नव्या टॉवरांतल्या फ्लॅटमध्ये आणखी एक छुपी भट्टी असते. सामाईक हीटिंगचे गरम पाण्याचे पाइप बाराही महिने कॉरिडॉरच्या छतातून फिरतात आणि तुमच्या दाराजवळच्या कपाटातल्या उष्णता-यंत्रापर्यंत येतात. कॉरिडॉर बाहेरच्यापेक्षा गरम लागत असेल तर त्या पाइपांचं इन्शुलेशन अपुरं आहे, आणि ते नीट करणं मॅनेजिंग एजंटचं काम. कपाटात गरम पाण्याचा सिलिंडर असेल तर त्यावर जॅकेट आहे का बघा. भिंतीत बसवलेली यांत्रिक वायुवीजन यंत्रणा असेल तर तिचा "समर बायपास" चालू आहे का तेही बघा. तो बंद असेल तर रात्रीची गार हवा आतल्या गरम हवेने तापवूनच आत येते. फिल्टर धूळ खाऊन काळा झाला असेल तर हवाच पुरेशी येत नाही. फक्त त्या यंत्रणेवर भिस्त ठेवू नका, ती कोंदटपणा घालवते, खोली गार करण्याएवढी हवा तिच्यात नसते.

आई-वडिलांचं. लघवी होण्याच्या आणि काही बीपीच्या गोळ्यांनी उष्णतेत पाणी-क्षार कमी होऊन चक्कर येते. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही; कोपऱ्यावरच्या फार्मसिस्टला विचारा, तो फुकट सांगतो. भारतातून सहा महिन्यांचा साठा आणलेला असतो, तो बहुतेकदा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला. पाकिटावर "३० अंशांच्या खाली" किंवा "२५ च्या खाली" लिहिलेलं असतं आणि त्या कट्ट्यावर दुपारी त्याहून कितीतरी जास्त असतं. झोपायची जागा खालच्या मजल्यावर, पूर्वेच्या खोलीत हलवा. १३.५ टॉगचं (टॉग म्हणजे पांघरुणाच्या उबेचं माप) दुलई-पांघरूण काढून त्याची रिकामी खोळ द्या. थकवा, मळमळ, डोकं दुखणं दिसलं तर सावलीत आडवं करा, पाय थोडे वर, पाणी, ओलं फडकं, पंखा. अर्ध्या तासात उतार पडला नाही, बोलणं असंबद्ध झालं किंवा अंग तापलंय पण घाम नाही असं दिसलं तर १११ या आरोग्य सल्ल्याच्या फोनच्या रांगेत ताटकळू नका, सरळ ९९९ ला, म्हणजे तातडीच्या मदतीला फोन करा.

आणि शेवटी राग कशाचा येतो ते सांगतो. इंग्लंडच्या इमारत नियमांत अतितापाचा भाग आला तो जून २०२२ मध्ये, आणि तोही फक्त नव्याने बांधलेल्या घरांना. त्यातल्या सविस्तर गणिताच्या पद्धतीत बेडरूम रात्री दहा ते सकाळी सात या वेळेत २६ अंशांच्या वर, वर्षभरातल्या त्या तासांपैकी १ टक्क्याहून जास्त वेळ जाता कामा नये. मर्यादा चांगली आहे. पण जुनं घर, लॉफ्टमध्ये काढलेली खोली, जुन्या ऑफिसचे केलेले फ्लॅट, म्हणजे आपली बहुतेक मंडळी जिथे भाड्याने राहतात ते सगळं तिच्या बाहेर. कामाच्या जागेलाही कायद्याने कमाल तापमान ठरलेलं नाही.

भाडेकरूच्या हातात मात्र एक गोष्ट आहे, जी फार कमी लोक वापरतात. घरातले धोके तपासण्यासाठी कौन्सिल, म्हणजे इथली पालिका, जी पद्धत वापरते तिच्यात ओल-बुरशीच्या बरोबरीने "अतिउष्णता" हाही धोका नोंदलेला आहे. तक्रार करायची तर थर्मामीटरचा वेळेसकट फोटो रात्री अकराला, पहाटे तीनला आणि सकाळी सातला काढा. सोबत बाहेरचं तापमान, खिडकी किती उघडते त्याचं माप, आणि ती कुठल्या दिशेला आहे. हे सगळं आधी घरमालकाला ईमेलने, फोनवर नाही. उत्तर आलं नाही तर तीच ईमेल कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाला. नोंदी लाट चालू असतानाच करा. तपासणीला माणूस येतो तो ऑक्टोबरात, आणि तेव्हा त्याच खोलीत त्याला जॅकेट काढावंसंही वाटत नाही.